धुवायला माझा, बसायला न्हाई

“कडी का लावलीस?”

मॅडम बाथरूमच्या भाईरून इचारत हुत्या. मी आत. कमोडवर बसलेली. साडी गुडघ्यावर धरलेली. नळ सोडून ठेवलेला, बादली वाजत ऱ्हावी म्हनून. दुसरा कसला आवाज भाईर जाऊ नये म्हनून.

“मी विचारतेय, कडी का लावलीस? उघड आधी.”

आता तुमीच सांगा, निम्म्यातनं उठायचं कसं? पन उठले. तशीच उठले. कडी काढली.

बाथरूम धुताना दार उघडं ठेवायचं, हा त्या घरातला नियम हुता. काम नीट चाललंय का ते येता-जाता दिसतं. आन् आत बाई दुसरं काही करत न्हाई, याचीबी खात्री ऱ्हाती. दुसरं काही म्हंजे काय, ते कुनी बोलून दाखवत न्हाई. सगळ्यांना कळतं. मलाबी कळत हुतं. पन त्या दिवशी माझा जीव चालला हुता. सकाळी घरून निघाल्यापासनं कोंडलेलं, आन् ते चौथं घर. हात-पाय गार पडलेले. मी कडी लावली. तेवढा खट्ट आवाज गेला हॉलमदी.

मॅडम कॉलेजात शिकवतात. कधी आवाज चढवत न्हाईत. तवाबी चढवला न्हाई. ओढनी नाकाला लावली आन् इचारलं, “वापरलंस?”

मी मान हलवली.

“ॲसिड घे. परत धू. माझ्यासमोर.”

मी धुतलं. त्या दारात उभ्या. म्हनाल्या, सीटच्या खालून. मी सीटच्या खालून घासलं. म्हनाल्या, परत. मी परत घासलं. ॲसिडचा वास घशात गेला, डोळ्यांतनं पानी यायला लागलं. ते ॲसिडनं हुतं का दुसऱ्या कशानं, ते मला तवा कळलं न्हाई. शेवटी त्या म्हनाल्या, “हे बघ, तुझ्या जातीबितीचं काही नाही हं. आमच्या घरात तसलं मानत नाहीत. हायजीनचा प्रश्न आहे. तुम्हाला उघड्यावरची सवय असते, म्हणून सांगावं लागतं.”

जातीचं नाव मी काढलं न्हवतं. त्यांनीच काढलं, त्यांनीच झाकलं.

मी काय बोलले? “चुकलं मॅडम,” बोलले. अहो, काय चुकलं हुतं? मानूस मुततो. राजा मुततो, रानी मुतती, कॉलेजातल्या मॅडमबी मुततात, मीच घासते की तो डाग. पन तवा माझ्या तोंडातनं तेच निघालं. चुकलं मॅडम. आन् घरी जाताना रस्त्यानं मला माझीच किळस आली. माझ्या अंगाची. लई वाईट असतं ते. दुसऱ्यानं थुंकलं तर पुसता येतं, आपलंच अंग आपल्याला घान वाटायला लागलं तर कुठं पुसनार?

उघड्यावरची सवय म्हनाल्या. तर त्याचंबी सांगते.

नगरच्या भाईर ही टाऊनशिप हाय. मोठी. शिर्डी रोडला कुनालाबी इचारा. आत चार सोसायट्या. मोगरा, निशिगंध, पारिजात आन् बकुळ. सगळी फुलंच. परत्येक सोसायटीला आपली भिंत, आपलं गेट, आपला चेअरमन. आन् सगळ्यांच्या भोवती परत एक मोठी भिंत. तिथं पयले माळ हुता. खडकाळ, बाभळी उगवलेला. वढ्याच्या अलीकडं आमची वस्ती, तोंडाशी निळा झेंडा. आमी बाया पहाटे डबा घेऊन त्याच माळावर बसायचो. माझी सासू बसली, मी नवी नवरी हुते तवा मीबी बसले. आता जिथं त्यांचं क्लबहाऊस हाय ना, काचंचं, तिथंच आसपास. आमी तिथं बसायचो तवा आमाला कुनी हटकलं न्हाई. नंतर वस्तीत सरकारी संडास आले, घरोघरी. माझ्या घरी संडास हाय. दाराला आतनं कडी हाय. हे मी मुद्दाम सांगते. उघड्यावरची सवय सुटून लई वरसं झाली.

मंग घरी का जात न्हाई, म्हनाल. जाता येत न्हाई म्हनून. सकाळी गेटवर मशीनपुढं तोंड दाखवायचं, मंग ज्यांच्याकडं काम हाय त्या घरी मोबाईल वाजतो, ते हो म्हनले की आत. एकदा भाईर पडलं की काम संपलं असं मशीनला वाटतं. परत आत यायचं तर परत सगळ्यांना फोन. मॅडम लोक वैतागतात. “कितीदा जातेस गं? घरी काय पुरून ठेवलंय?” म्हनून आमी जायचो न्हाई. आमी सगळ्या बाया एकच करायचो, पानी प्यायचो न्हाई. सकाळी चहा एक घोट, पुढं तोंड सुकलं तरी तसंच. उन्हाळ्यात मार्च-एप्रिलात जीभ टाळूला चिकटायची. कुन्या मॅडमनं माया करून गिलास पुढं केला तर हातात धरून ठेवायचा आन् ती वळली की कुंडीत ओतायचा. ही आमची रीत. नवी बाई कामाला लागली की आमी तिला लादी कशी पुसायची ते शिकवत न्हवतो, हे शिकवत हुतो.

तर त्या दिवशीच दुपारपतुर सगळीकडं झालं. त्यांच्या मोबाईलवर निशिगंध सोसायटीचा ग्रुप असतो, त्याच्यावर मॅडमनी टाकलं. नाव टाकलं न्हाई, तेवढा मोठेपना. पन चौथ्या मजल्यावर त्यांच्याकडं कोन काम करतं ते सगळ्यांना माहीत. दुसऱ्या घरी गेले तर तिथल्या बाईनं बाथरूमच्या दारापुढं खुर्ची टाकली. मोबाईल बघत बसल्या. मी आत घासते, त्या भाईर खुर्चीत. पाहारा. चार दिवसांत सर्विस लिफ्टमदी कागद चिकटला, ‘घरकाम करणाऱ्या मावशींनी सदनिकेतील व क्लबहाऊसमधील स्वच्छतागृहांचा वापर करू नये.’ मावशी म्हनायचं बरं का. बाई म्हनत न्हाईत आता, मावशी म्हनतात. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

माझी जाऊ शालन निशिगंधमदीच कामाला हुती, पयल्या मजल्यावर. ती म्हनाली, “जाऊ दे गं. आपन गरिबानं कुठं लढायचं?” मी म्हनले, “लढत न्हाई. नुस्तं इचारते.”

आन् खरंच इचारायला गेले. निशिगंधच्या चेअरमनकडं. राहात्याकडचा बागायतदार मानूस, पोरांच्या शिक्षनासाठी नगरला आलेला. गळ्यात माळ, बोलायला गोड. म्हनाला, “आगं बाई, मीबी खेड्यातलाच हाय. मला कळतं न्हाई का? पन आपल्या सोसायटीत मोकळी जागाच न्हाई. पार्किंगबी पुरंना. ती गेटजवळची जागा हाय ना, ती टाऊनशिपची. त्यांच्याकडं जा.”

टाऊनशिपच्या हाफिसात गेले. तिथला मॅनेजर पोरगेला, गळ्यात पट्टा. म्हनाला, “मावशी, रस्ते, बाग, क्लबहाऊस एवढंच आमचं. कामवाल्या ज्या त्या सोसायटीच्या. तुम्ही कोणाच्या?”

“निशिगंधच्या.”

“मग निशिगंधनं करायचं.”

आई जेवू घालीना आन् बाप भीक मागू देईना. परत चेअरमनकडं गेले तर चेअरमन म्हनाला, तू नुस्ती निशिगंधचीच कुठं हायस, मोगऱ्यातबी एक घर करतीस, मंग सगळा खर्च आमीच का करायचा? मला हसावं का रडावं कळंना. माझ्या मुताची वाटनी चालली हुती. कोनाच्या हद्दीतलं, त्याच्यावर.

गेटवर सिक्युरिटीवाल्यांचा एक संडास हाय. बाप्यांचा. एक-दोनदा गेले. पाथर्डीकडचे एक म्हातारे मामा ड्युटीला असले की भाईर पाठ करून उभे ऱ्हायचे, कुनी येऊ नये म्हनून. लई चांगला मानूस. पन कॅमेऱ्यात दिसलं आन् मामांना वरनं बोलनी बसली. मंग मीच जायचं सोडलं. त्या म्हाताऱ्याची नोकरी माझ्यापायी जायला नगं.

पुढं मी आजारी पडले. पयले नुस्ती आग व्हायची. मंग पोट दुखायला लागलं, मंग थंडी वाजून ताप. सरकारी दवाखान्यात डॉक्टरीन बाई हुती, तरनी. तपासलं, म्हनाली, “लघवी कोंडता का तुम्ही? पाणी किती पिता?” मी सांगायच्या आतच ती म्हनाली, “भरपूर पाणी प्या आणि अडवून ठेवू नका. नाहीतर किडनीवर जाईल.” एवढं सोपं सांगितलं तिनं. मला वाटलं तिला म्हनावं, बाई, हेच एका कागदावर लिहून दे, आमच्या लिफ्टमदी चिकटवते. पन म्हनले न्हाई. गोळ्या घेतल्या आन् आले. दुसऱ्या दिवशी परत कामावर. परत तेच, सुकं तोंड आन् भरलेलं पोट. रोज वाटायचं, आज सोडून द्यावं. आन् रोज जायचे. मालक माझा टेम्पोवर जातो, कधी काम असतं, कधी न्हाई. पोरगी दहावीला. सोडून जानार कुठं? मला या भिंतीच्या आतबी जागा न्हाई आन् भाईरबी न्हाई, असं वाटायचं. रात रात झोप यायची न्हाई. रडूबी यायचं न्हाई.

आन् मंग आला महिला दिन.

निशिगंधच्या मॅडम लोकांनी ठरवलं, यंदा आपल्या मावशींचा सत्कार करायचा. क्लबहाऊसमदी. सगळ्यांना निरोप, कामं उरकून या, नटून या. मी म्हनले, मला नगं. भीक नगं पन कुत्रं आवर. पन मॅडम, त्याच चौथ्या मजल्यावरच्या, म्हनाल्या, “असं कसं? तू यायलाच हवंस. तुझं नाव पहिलं घेतलंय.” काय मनात हुतं त्यांच्या, मला म्हाईत न्हाई. पोटात टोचलं असंल कुठंतरी. का नुस्तं दाखवायचं हुतं. मी गेले.

क्लबहाऊसमदी गालिचा. पुढं खुर्च्या मेंबर बायांच्या, मागं गालिच्यावर आमी. भाषनं सुरू झाली. स्त्री ही शक्ती हाय. स्त्रीनं बोललं पायजे. एक झालं की दुसरं. ताप नुकता उतरलेला, गोळ्यांनी सारखी लागायची. मी धरून बसले. मांडी घट्ट. शालन माझ्याकडं बघती. शेवटी उठले, कडंकडंनं गेले. लेडीज टॉयलेट, दारावर बाईचं चित्र. दाराशी एक मेंबर बाई उभी, फुलांचं ताट घेऊन.

“इथे नाही गं मावशी. हे मेंबर्ससाठी. गेटजवळ बघ ना.”

“लई लागलीय ताई.”

“अगं, आता तुमचाच कार्यक्रम सुरू होईल. दोन मिनिटं थांब की.”

मी परत येऊन बसले. का परत आले? तिला ढकलून आत का गेले न्हाई? हे मी मला शंभरदा इचारलंय. ढकलायचं असतं हे कुनी शिकवलंच न्हाई आमाला. थांब म्हनलं की थांबायचं, एवढंच अंगात मुरलेलं.

दोन मिनिटं न्हाई, किती येळ गेला देव जाने. मंग माझं नाव पुकारलं. टाळ्या. मी उठले. स्टेजला पायऱ्या हुत्या, लहानशा. पयल्या पायरीवर पाय ठेवला, दुसरा उचलला, आन् सुटलं.

थांबंना. मी थांबवायला गेले, थांबंना. साडीतनं, पायावरनं, पायरीवरनं गालिच्यावर. टाळ्या हळूहळू बंद झाल्या. फोटो काढनाऱ्या पोरीनं मोबाईल खाली घेतला. पुढच्या खुर्चीतल्या बाईनं पाय वर घेतले. स्टेजवर चेअरमनची बायको उभी, तिच्या हातात माझं बक्षीस. स्टीलची पान्याची बाटली. लाल रिबिन बांधलेली. ती बाटली पुढं करूनच उभी ऱ्हायली.

पान्याची बाटली, बघा. सगळ्या बायांना तीच. उन्हाळा आला, मावशींनी भरपूर पानी प्यावं म्हनून. चांगल्या मनानं आनलेली. हेच तर सांगते मी, चांगल्या मनानं. यांच्या डोक्यातच येत न्हाई की प्यालेलं पानी कुठं जातं. आमच्या पोटात जाऊन वाळतं, असं वाटत असंल.

मेले असते तर बरं झालं असतं, असं वाटलं मला तवा. धरनीनं गिळावं. पोरीच्या वयाच्या पोरी बसलेल्या समोर.

आन् चौथ्या मजल्यावरच्या मॅडम पुढनं म्हनाल्या, “अगं, सांगायचंस ना!”

मंग खुर्च्यांतनं कुनीतरी, “शालन, मॉप आण पटकन. पुसून घे.”

शालन उठली. माझी जाऊ. सत्काराची नवी साडी नेसून आलेली, डोक्यात गजरा. कोपऱ्यातनं मॉप घेतला आन् खाली मान घालून माझ्याकडं यायला लागली. मला पुसायला. माझं मूत पुसायला, त्यांच्या गालिच्यावरनं, महिला दिनाला.

तिला तशी येताना बघितलं आन् माझ्या आत काहीतरी झालं. लाज हुती ना, ती गेली. एकदम गेली. मी भिजलेली हुते, पन लाज न्हवती. मी शालनचा हात धरला. म्हनले, “न्हाई. पुसायचं न्हाई. ऱ्हाऊ दे तसंच.”

माईक तिथंच हुता. पन मी माईक घेतला न्हाई. आवाज माझा पोचत हुता, एवढी शांतता.

“मॅडम, सांगितलं हुतं. चेअरमनला सांगितलं. हाफिसात सांगितलं. आत्ता तिथं दारात त्या ताईला सांगितलं. आता परत न्हाई सांगनार. आजपासनं, ज्या संडासात मला बसता येत न्हाई, तो संडास मी धुनार न्हाई.”

चेअरमनची बायको म्हनाली, “अगं, आधी ही बाटली तर घे.” खरंच म्हनाली. मी बाटली घेतली न्हाई. शालनच्या हातातला मॉप काढून खुर्चीला टेकवला आन् आमी दोघी भाईर पडलो. भर उन्हात, ओली साडी घेऊन, मोगऱ्याच्या, पारिजातच्या पुढनं. लोक बघत हुते. बघू दे म्हनलं.

तुमाला वाटंल, मंग संडास बांधला असंल. न्हाई.

दुसऱ्या दिवशी मशीननं मला घेतलं न्हाई. लाल दिवा. सगळ्या घरांनी बंद केलं हुतं. पाथर्डीचे मामा म्हनाले, “पोरी, माझ्या हातात काही न्हाई.” मला म्हाईत हुतं. निशिगंधच्या बाया गेटभाईर माझ्याबरूबर उभ्या ऱ्हायल्या, हे मी इसरनार न्हाई. शालन, बाकीच्या. सकाळभर कुनी आत गेलं न्हाई. आत भांडी पडली, पोरांचे डबे झाले न्हाईत. मला वाटलं, जमतंय.

मंग एकेकीचा मोबाईल वाजायला लागला. सगळ्यांना मिळून कुनी बोललं न्हाई. एकेकीला वेगळं. “तुझा काही दोष नाही गं, तू ये.” “तुझ्या मुलीच्या ॲडमिशनचं मी बघते म्हटलंय ना?” एकेक बाई मोबाईल कानाला लावून बाजूला जायची आन् तिकडनंच आत जायची, माझ्याकडं न बघता. शालन शेवटपतुर थांबली. मंग तिचाबी वाजला. ती रडत हुती. मीच म्हनले, “जा. घरात तिघं खानारी हायत.” तिला मी बोल लावत न्हाई. माझ्या पोटाला भूक हाय तशी तिच्याबी. पन त्या दिवशी गेटपुढं मी एकटी उभी ऱ्हायले ना, तवा मला कळलं की भिंत कशाला म्हनतात.

माझ्या जागी दुसरी बाई आली, केडगावकडनं. तिलाबी कुनीतरी पानी कमी प्यायला शिकवलं असंलच. लिफ्टमदला कागद तसाच हाय, शालन सांगती. गालिचा तेवढा बदलला.

मी आता कांद्याच्या वखारीत निवडायला जाते. रोज काम नसतं. पोटातली आग अजून अधनंमधनं उठती. मालक चिडतो, म्हनतो, “काय मिळालं तुला?” मी सांगते, काही न्हाई मिळालं. खरंच न्हाई मिळालं. खोटं कशाला बोलू?

पन घरकाम मी सोडलेलं न्हाई, इचारायला जाते. परवा बकुळमदी नवी बिऱ्हाडकरीन आलीय, तिला बाई पायजे हुती. ती मला वळखत न्हवती. गेटवरच भेटली, तरनी, हसरी. म्हनाली, “मावशी, स्वयंपाक, भांडी, फरशी आणि दोन बाथरूम. कधीपासून याल?”

मी म्हनले, “उद्यापासनं येते. मला लागली तर त्या दोनातल्या कुठल्यात जाऊ?”

तिचं हसू थांबलं. म्हनाली, “म्हणजे... ते... सोसायटीत विचारावं लागेल.”

“घर तुमचं हाय का सोसायटीचं?”

ती फोन आल्यासारखं करून आत गेली.

घरी पिठाचा डबा खरवडून झालाय. पोरीचे क्लास बंद केलेत. तरी उद्या गेटवर मोगऱ्याच्या बायांना गाठनार, परवा पारिजातच्या. परत्येकीला पयलं हेच इचारनार, कामाचं, पगाराचं बोलायच्या आधी, चारचौघांत, मोठ्यानं. लाजायचं असंल तर आता त्यांनी लाजावं. आधी माझी जागा दाखवा, मंगच तुमच्या घानीला हात लावीन.